जुन्या बोटीच्या इंजिनाचे व गिअरबॉक्सचे तेल बदलणे: कृती, कारणे आणि जुन्या तेलावरून निदान

मोटारसायकलचे ऑइल बदलताना तुम्ही पाहिलेच असेल. खालचा नट सोडायचा, काळे तेल पातेल्यात पडू द्यायचे, नट पुन्हा लावून वरून नवे तेल ओतायचे. हेच काम वीस-पंचवीस वर्षे जुन्या मासेमारी ट्रॉलरवर करायला गेलात तर पहिल्याच पायरीला अडाल. तिथे इंजिन बोटीच्या पोटात बसवलेले असते. ऑइल चेंबर आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये बहुधा हातही जात नाही, मग पातेले कुठून जाणार?

रस्त्यावर ट्रक बंद पडला तर तो कडेला लावता येतो. समुद्रात इंजिन किंवा गिअरबॉक्स गेला की पंखा थांबतो, सुकाणू निरुपयोगी होते आणि बोट लाटांना आडवी पडते. तांडेल आणि खलाशी यांची सुरक्षितता अशा साध्या देखभालीवर अवलंबून असते. या पाठात आपण तीन गोष्टी शिकू: तेल कसे बदलायचे, प्रत्येक पायरीमागचे कारण काय, आणि काढलेले तेल टाकून देण्याआधी त्यातून काय वाचायचे.

१. बोटीवर तेल लवकर का खराब होते?

आपल्या किनाऱ्यावरील अनेक ट्रॉलरमध्ये ट्रकच्या डिझेल इंजिनाचीच सागरी आवृत्ती असते. पण काम वेगळे असते. ट्रकला उतार मिळतो, सिग्नलवर विश्रांती मिळते. पंख्याला लागणारी शक्ती मात्र फेऱ्यांच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते आणि बोट तासन् तास त्याच भाराखाली चालते.

अनेक जुन्या डिझेल इंजिनांसाठी तेल बदलण्याची मर्यादा २०० ते २५० तास अशी दिलेली आढळते. तुमच्या इंजिनाच्या पुस्तिकेतील अंक अंतिम मानावा. आता हिशोब करा: बोट रोज १२ तास चालली तर २५० तास २१ दिवसांत पूर्ण होतात. म्हणजे ‘वर्षातून एकदा’ हा नियम हौशी बोटीला चालेल, ट्रॉलरला नाही. तासमापक बिघडला असेल तर आधी तो दुरुस्त करा.

दुसरे कारण आम्लाचे. डिझेलमधील गंधकाची ऑक्साइड्स पाण्याच्या अंशाशी मिळून आम्ल तयार करतात. तेलातील अल्कधर्मी घटक ते निष्प्रभ करतात, पण हे घटक हळूहळू संपतात. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते. या काळात वापरलेले तेल इंजिनात तसेच राहिले तर आम्ल आणि ओलावा बेअरिंगवर बसून राहतात. म्हणून तेल बोट लावून ठेवण्याआधी, मे अखेरीस बदलावे. हंगाम सुरू होताना बदलले तर नुकसान आधीच झालेले असते.

२. तेल गरम करूनच का काढायचे?

खालून तेल काढता येत नसल्यामुळे डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी आत सोडून पंपाने ते वर ओढतात. काही इंजिनांवर यासाठी हातपंप कायमचा बसवलेला असतो.

इथे द्रवगतिकीतील पॉइसेचा नियम उपयोगी पडतो. नळीतील संथ प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात आणि श्यानतेच्या व्यस्त प्रमाणात असतो. नळीचा आतील व्यास ६ मिमी, लांबी १.५ मीटर आणि दाबातील फरक ५० किलोपास्कल धरू. १५डब्ल्यू-४० तेलाची श्यानता ४०° सेल्सिअसला साधारण ०.०९१ पास्कल-सेकंद आणि ७०° ला साधारण ०.०२८ पास्कल-सेकंद असते.

४०° ला प्रवाह: मिनिटाला सुमारे ०.७ लिटर, १५ लिटरला सुमारे २१ मिनिटे.
७०° ला प्रवाह: मिनिटाला सुमारे २.३ लिटर, १५ लिटरला सुमारे ७ मिनिटे.

वेळ वाचतोच, पण दुसरा फायदा अधिक महत्त्वाचा आहे. इंजिन नुकतेच चाललेले असल्याने काजळी आणि धातूचे कण तेलात तरंगत असतात व तेलाबरोबर बाहेर येतात. थंड तेलात ते तळाशी बसतात आणि पंपाला चुकवून आतच राहतात. मात्र तेल याहून जास्त तापले असेल तर थोडा वेळ थांबा; भाजण्याचा धोका असतो.

३. इंजिनाचे तेल बदलण्याची कृती

(१) बोट धक्क्याला बांधा आणि इंजिन भारावर पंधरा-वीस मिनिटे चालवून बंद करा. चुकून स्टार्ट होऊ नये म्हणून बॅटरीचा मुख्य स्विच काढा.

(२) बोटीच्या तळाशी साचणारे पाणी फेकणारा स्वयंचलित पंप बंद करा. नाहीतर सांडलेले तेल तो थेट बंदराच्या पाण्यात टाकेल. काम संपल्यावर तळ पुसून तो पंप आठवणीने पुन्हा चालू करा; हे विसरल्यास बोटीत पाणी भरू शकते.

(३) तेल मोजमापाच्या खुणा असलेल्या डब्यात ओढा. किती लिटर निघाले ते लिहा.

(४) जुना फिल्टर काढा. त्याची रबरी रिंग इंजिनाला चिकटून राहिली नाही ना, हे बोट फिरवून पाहा. जुन्या रिंगवर नवी बसली तर दाबाखाली काही क्षणांत तेल बाहेर पडते.

(५) नव्या फिल्टरच्या रिंगला तेल लावा. रिंग टेकल्यावर हाताने साधारण पाऊण फेरा आवळा. पान्याने आवळू नका.

(६) नवे तेल टप्प्याटप्प्याने भरा. क्षमता १५ लिटर असली आणि १२ लिटरच निघाले असेल तर ३ लिटर आतच आहे. अशा वेळी १५ लिटर ओतल्यास क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, फेस होतो आणि दाब पडतो.

(७) इंधन बंद ठेवून स्टार्टरने इंजिन थोडे फिरवा, मग सुरू करा. काही सेकंदांत दाब दिसलाच पाहिजे. न दिसल्यास लगेच बंद करा. गळती तपासा, इंजिन थांबवून दहा मिनिटांनी पातळी पुन्हा मोजा.

एक सूचना. बोटीत इंजिन बहुधा मागे कललेले असते, त्यामुळे मूळ डिपस्टिकवरील खुणा चुकीचे वाचन देऊ शकतात. तेल पूर्ण निघाल्याची खात्री असताना पुस्तिकेतील मापाने तेल भरा आणि बोट पाण्यावर सरळ असताना डिपस्टिकवर नवी खूण करून ठेवा.

४. गिअरबॉक्स: वेगळे यंत्र, वेगळे तेल

गिअरबॉक्स इंजिनाला जोडलेला असला तरी त्याचे तेल सामान्यतः स्वतंत्र असते. काही गिअरबॉक्समध्ये स्वयंचलित ट्रान्समिशनचे पातळ तेल लागते, काहींत ३० किंवा ४० ग्रेडचे इंजिन तेल. ‘गिअर आहे म्हणजे गिअर ऑइल’ हा तर्क इथे घातक ठरतो. मोटारींच्या डिफरन्शियलमधील तेलातले दाबरोधक घटक घर्षण-प्लेटा घसरायला लावू शकतात आणि काही घटक तांबे-पितळेच्या भागांना खातात. गिअरबॉक्सवरील पट्टी किंवा पुस्तिका वाचूनच तेल निवडा.

पातळी मोजण्याची पद्धतही वेगळी असते. काहींत ती इंजिन थांबवल्यावर लगेच बघायची असते, कारण कूलरमधील तेल हळूहळू परत उतरते. काहींत डिपस्टिक न आवळता नुसती टेकवून वाचायची असते. शेवटी दोर घट्ट असताना मंद गतीवर पुढचा व मागचा गिअर टाकून पाहा.

५. जुने तेल काय सांगते?

डिझेल इंजिनाचे तेल काळे असणे स्वाभाविक आहे. रंगावरून घाबरू नका. पुढील खुणा मात्र महत्त्वाच्या आहेत.

दुधाळ तेल: पाणी मिसळले आहे. गोड्या पाण्याच्या टाकीची पातळी उतरत असेल तर इंजिनातील गळती, नसेल तर ऑइल कूलर किंवा समुद्रपाण्याचा मार्ग तपासा.
पातळ, डिझेलचा वास, वाढलेली पातळी: इंजेक्टर किंवा इंधन पंपातून डिझेल उतरत आहे.
चकाकणारे कण: चुंबकाला चिकटले तर लोखंड, न चिकटल्यास बेअरिंगचा धातू असण्याची शक्यता.
गिअरबॉक्सच्या तेलाला जळका वास: क्लच-प्लेटा घसरत आहेत.

काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना घेऊन मी कोकणातल्या एका बंदरावर गेलो होतो. एका ट्रॉलरच्या गिअरबॉक्समधून चहासारखे दुधाळ तेल निघाले. मिस्त्रींनी नवे तेल भरले, आम्हीही समाधानाने परत आलो. पंधरा दिवसांनी त्या बोटीचे इंजिन जोरात फिरे, पण बोट पुढे सरकेना. दुसऱ्या बोटीने तिला ओढून आणले. कूलर काढून हवेच्या दाबाखाली पाण्यात बुडवला, तेव्हा दोन नळ्यांमधून बुडबुडे आले. दोष तेलात नव्हता आणि तेलाने तो आम्हाला दाखवला होता. मी शिक्षक असूनही ते वाचले नाही.

यामागील तत्त्व लक्षात ठेवा. यंत्र चालू असताना तेलाचा दाब सहसा पाण्यापेक्षा जास्त असतो, म्हणून फुटक्या कूलरमधून तेल समुद्रात जाते. यंत्र थांबले की दाब नाहीसा होतो आणि खारे पाणी तेलात शिरू शकते. म्हणून अशी गळती बोट उभी असताना वाढते. आधी कारण दुरुस्त करा, मग स्वस्त तेलाने दोन-तीनदा धुऊन काढा, आणि त्यानंतरच शेवटचे तेल भरा.

६. वापरलेले तेल कुठे द्यायचे?

भारतात वापरलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जाईल अशी व्यवस्था करावी. ज्या पाण्यातून मासळी आणायची, त्याच पाण्यात ते ओतणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

स्वाध्याय

१. कलम २ मधील नळीचा व्यास ८ मिमी केल्यास ७०° ला १५ लिटर तेल काढायला किती वेळ लागेल? (उत्तर: सुमारे २ मिनिटे)
२. रात्रभर उभ्या बोटीच्या इंजिनातील तेलाची पातळी वाढली. दोन संभाव्य कारणे सांगून ती वेगळी कशी ओळखाल ते लिहा.
३. तुमच्या महाविद्यालयातील जनित्राचे तेल पुढच्या वेळी बदलताना उपस्थित राहा. निघालेल्या तेलाचे माप, वास, रंग आणि चुंबकाची चाचणी यांची नोंद करा.