केळं नसलेला केळ्याचा वास

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात गव्हाची एक गढूळसर बिअर मिळते. ग्लास नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा वास येतो. केळं मात्र त्यात औषधालाही नसतं. पाणी, गव्हाचं आणि जवाचं माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुलं आणि यीस्ट, संपला पसारा. वास येतो तो आयसोअमाईल ॲसिटेट या रसायनाचा. केळ्याच्या वासातही मोठा वाटा याच रेणूचा असतो. फळ तो पिकता पिकता बनवतं, यीस्ट साखर खाता खाता बनवतं. (मधमाशी डंख मारताना बाकीच्या माश्यांना जो इशारा सोडते, त्यातही हाच रेणू असतो. पोळ्याजवळ केळं सोलू नये म्हणतात ते उगाच नव्हे.)

आता बव्हेरियातून थेट मध्य प्रदेशातल्या शाहपूरला येऊ. बऱ्हाणपूरहून इच्छापूरच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या हद्दीच्या दिशेने निघालं की हे गाव लागतं. भाषा अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि शिवारात केळी. बिअर घरी कशी करतात हे समजून घ्यायला एवढी सोयीची जागा शोधून सापडणार नाही, असं माझं मत आहे. जव आणि हॉप्स इथे पाहुणे, हे खरं. पण युगांडा आणि रवांडात पिढ्यान्‌पिढ्या घरी जी बिअर होते तिला लागतात दोनच मुख्य जिन्नस: केळी आणि ज्वारी. त्यातही गंमत अशी, की ज्वारी मूळची आफ्रिकेची, सुमारे ४ हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे आली. केळी आशियाची, ती उलट्या दिशेने आफ्रिकेत गेली. दोघींची गाठ तिकडे बिअरच्या भांड्यात पडली आणि इकडे एकाच शिवारात. आपण एकीची भाकरी केली, दुसरीचे वेफर्स.

बिअरचं सगळं कोडं एका अडचणीत आहे. यीस्टला साखर लागते आणि दाण्यात साखर जवळजवळ नसते. दाण्यात असतं पिष्ट, म्हणजे साखरेच्याच शेकडो-हजारो कड्यांची साखळी. यीस्टला ती तोडता येत नाही. पिठात पाणी घालून ठेवलं तर ते आंबेल, नासेल, पण बिअर होणार नाही. साखळी तोडायचं काम दाण्यालाच करावं लागतं आणि त्याला त्या कामाला लावायची युक्ती आपल्या घरात बायका कधीपासून वापरतात: दाणे भिजवायचे, फडक्यात बांधायचे, मोड आणायचे. दाण्याला वाटतं पाऊस आला, आता उगवायचं. रोपाला शिदोरी हवी म्हणून तो अमायलेज नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, तयार करतो आणि स्वतःच्याच कोठारातलं पिष्ट फोडायला घेतो. ऐन त्या वेळी दाणे उन्हात टाकून वाळवले की रोप थांबतं, विकरं मात्र तशीच शाबूत राहतात. यालाच माल्ट म्हणतात. नाचणीचं सत्त्व ज्या घरात होतं तिथे बिअरचा पहिला टप्पा दरवर्षी पार पडतो, कुणाच्या ध्यानीमनी नसताना.

या विकरांची ताकद डोळ्यांनी पाहता येते, त्यात अल्कोहोलचा संबंध नाही आणि मुलांनाही दाखवता येते. गव्हाला मोड आणून, कडकडीत वाळवून दळून ठेवा. ज्वारीच्या पिठाची पळी उभी राहील इतकी घट्ट लापशी शिजवा. ती ६० ते ६५ अंशांवर आली, म्हणजे बोट क्षणभरच ठेववेल इतपत निवली, की त्यात मोडाचं पीठ चमचाभर घालून ढवळा. पाण्याचा थेंब घातलेला नसताना काही मिनिटांत लापशी सैल पडते आणि पळीवरून धार लागते. तशीच ऊबेत झाकून ठेवली तर तासाभराने गोड लागते, साखर न घालता. पुरावा हवा असेल तर वेगळ्या बशीत चमचाभर लापशी घेऊन पाणी घाला आणि टिंक्चर आयोडीनचा थेंब टाका. सुरुवातीच्या लापशीत गडद निळा रंग उठतो. पिष्ट जसजसं तुटत जातं तसतसा तो जांभळा-तांबूस होत फिका पडतो. (बशीतलं फेकून द्यायचं, हे सांगायला नकोच.) बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात याच गुणाचा उपयोग बाळांच्या आहारासाठी केला. बाळाला घट्ट लापशी गिळवत नाही आणि पातळ केली तर पोट भरत नाही. मोडाच्या पिठाने ती दाणे तेवढेच ठेवून पातळ होते. बिअरवाला जे पिंपात करतो तेच अंगणवाडीच्या वाटीत.

निव्वळ ज्वारीच्या माल्टची बिअर करायला गेलं की मात्र हा खेळ अडतो. जवाचं पिष्ट साठ-पासष्ट अंशांना फुलतं, विकरंही तिथेच जोमात असतात, सगळं जुळून येतं. ज्वारीचं पिष्ट फुलायला सत्तरच्या वर उष्णता लागते आणि तेवढ्या उष्णतेत विकरं मरतात. पाणी कमी तापवलं तर पिष्ट बंद, जास्त तापवलं तर ते फोडणारं कुणी शिल्लक नाही. बुर्किना फासोमध्ये ज्वारीची ‘डोलो’ नावाची बिअर बायकाच करतात आणि त्यांनी यावर काढलेली तोड वाचली तेव्हा मी मनातल्या मनात हात जोडले. माल्टचं पीठ पाण्यात कालवून स्थिर ठेवायचं. विकरं पाण्यात विरघळतात, पिष्ट तळाशी बसतं. वरचं पाणी अलगद काढून बाजूला ठेवायचं. खालचा गाळ चांगला उकळायचा, की पिष्ट फुललं. तो पुरेसा निवला की बाजूला ठेवलेलं पाणी त्यात परत ओतायचं. विकर म्हणजे काय हे विज्ञानाला कळायच्या कितीतरी आधीची ही रीत. गाळ लवकर बसावा म्हणून त्या पाण्यात भेंडीचे देठ किंवा धामणीच्या कुळातल्या झाडाची चिकट साल घालतात. आपल्याकडे गुऱ्हाळात रसाची मळी काढायला भेंडीचा चिकट रस घालतात, तेच तंत्र.

एक इशारा इथेच दिलेला बरा. ज्वारीचे मोड मटकीसारखे खायचे नाहीत. कोवळ्या ज्वारीने गुरं दगावतात हे शेतकऱ्याला ठाऊक असतं. त्यातलं धुरिन हे द्रव्य पोटात सायनाइड सोडतं आणि ते मोडाच्या कोंबात नि मुळ्यांत भरपूर असतं. म्हणून माल्ट वाळलं की कोंब-मुळ्या चोळून पाखडून टाकतात. घरच्या प्रयोगाला मी गहू सांगितला तो याचसाठी.

केळ्याला यातलं काहीच करावं लागत नाही. ते स्वतःच स्वतःचं माल्ट आहे. कच्च्या केळ्याच्या गरात २० ते २५ टक्के पिष्ट असतं. पिकेपर्यंत त्यातलं एक-दोन टक्केच उरतं, बाकी सगळ्याची साखर. केळीच्या वखारीत घड पिवळे होतात तेव्हा खोलीभर अमायलेज कामाला लागलेलं असतं. युगांडातल्या घरगुती बिअरची, ‘टोंटो’ची, सुरुवात वखारीसारखीच होते: खड्डा ऊबदार करून त्यात केळीची पानं अंथरायची, घड रचायचे, झाकायचं, चार-सहा दिवस ठेवायचं. मग सोललेली केळी लाकडाच्या कोरीव डोणीत घालून गवताच्या पेंढ्यांसह पायांनी तुडवायची. गवताच्या पात्यांमुळे लगदा न होता रस सुटतो. त्यात पाणी आणि भाजलेल्या ज्वारीचं भरड पीठ घालून झाकलं, की दोनेक दिवसांत बिअर तयार. यीस्ट विकत आणत नाहीत, ते ज्वारीच्या पिठावर, केळ्यांवर, डोणीच्या लाकडात बसलेलंच असतं. ही बिअर टिकत नाही, लगेच प्यावी लागते. शाहपूरच्या ग्रँड नैन जातीच्या केळ्याचा असा नितळ रस सहज सुटणार नाही. तिकडे बिअरच्या केळ्यांच्या जातीच निराळ्या.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचं काय? बिअरची बहुतेक यीस्टं १८ ते २२ अंशांत सुखी असतात आणि निमाडात, म्हणजे शाहपूरच्या मुलखात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर जातो. इतक्या गरमीत यीस्ट बेफाम होतं, केळ्याचा वास तर सोडाच, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास येऊ लागतो. अपवाद सापडला तो कुठे, तर थंडगार नॉर्वेत. तिथल्या शेतकरी घरांनी लाकडी कड्यांवर वाळवून जपलेलं ‘क्वाइक’ जातीचं यीस्ट ३५-४० अंशांतही गुण्यागोविंदाने काम करतं.

पण शाहपुरात ते मागवून काय करणार? मध्य प्रदेशात १९१५ चा अबकारी कायदा आहे, हद्दीपलीकडे महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा. परवान्याशिवाय घरी बिअर करणं दोन्हीकडे गुन्हा. मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्या वापरापुरती मोहाची दारू ठरावीक मर्यादेत गाळायची मुभा आहे, पण ती त्यांच्यापुरती. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरगुती बिअरवरची परवान्याची अट उठली. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी तशा कायद्यावर सही केली, त्यामुळे दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरहून थोडी जास्त, बिअर करता येते. विकायची मात्र नाही. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३ पर्यंत अडवून धरलं होतं.

तेव्हा ज्यांचा मुलगा न्यू जर्सीत किंवा भाऊ लंडनमध्ये आहे, त्यांनी त्याला गव्हाच्या बिअरपासून सुरुवात करायला सांगावं. ती मुळातच गढूळ, त्यामुळे नवशिक्याचे बरेच दोष झाकले जातात. पहिल्या वेळी माल्टचा तयार पाक घ्यावा, तो हॉप्ससह तासभर उकळावा, भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवून झटपट थंड करावं आणि मग यीस्ट घालावं. गरम पाकात घातलं तर ते मरतं. उकळी उतरल्यानंतर ज्याचा ज्याचा स्पर्श होणार, ते भांडं, ती नळी, ती पळी निर्जंतुक हवी. वाया जाणाऱ्या बहुतेक बिअरी इथेच वाया जातात. झाकणाला हवा बाहेर सोडणारी, आत न घेणारी नळी बसवावी, कारण १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल होतं आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. दोनेक आठवड्यांनी, बुडबुडे थांबले आणि हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा) आकडा सलग दोन-तीन दिवस हलला नाही, की मगच बाटल्या भराव्यात. फेसासाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते. अंदाजपंचे जास्त पडली तर काचेची बाटली फुटते आणि तुकडे भिंतीत रुततात. म्हणून पहिल्या खेपेला सोड्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या बऱ्या: दाबून पाहावी, दगडासारखी कडक लागली की फ्रीजमध्ये टाकावी.