माउस, मनगट आणि टिपरू

ढोल वाजवताना हात दुखला म्हणून उपचाराला गेलो, तर खरा आरोपी ऑफिसच्या टेबलावर सापडला! त्याला पकडायला मोबाइलच कसा कामाला आला, त्याची ही गोष्ट...

जुलैतला शनिवार, संध्याकाळचे सात. नदीपात्रात आमच्या पथकाचा सराव रंगात आलेला. ताशाने तर्री दिली, ढोल सुरू झाले आणि दुसऱ्याच ठोक्याला माझ्या हातातलं टिपरू सटकलं ते थेट पुढच्याच्या पायाशी! सगळे हसले. मीही हसलो. उचलून पुन्हा वाजवायला गेलो, तर अंगठ्याच्या बुडापासून कोपरापर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. ‘काय रे, जेवला नाहीस का?’ पथकातला दादा ओरडला. आता काय सांगणार? गेला महिनाभर टूथब्रश धरतानाही हात दुखत होता, हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो.

ढोल वाजवणाऱ्याचा हात दुखला की निकाल आधीच लागलेला असतो. ‘सांगत होते, बंद कर ते बडवणं!’ इति आई. मलाही ते पटलंच होतं. पण फिजिओथेरपिस्ट मॅडमनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘ढोल आठवड्याला किती तास?’ म्हटलं, शनिवार-रविवार मिळून सहा. ‘आणि माउस?’ मनातल्या मनात हिशोब केला. रोज नऊ तास, पाच दिवस... पंचेचाळीस! वर बसमध्ये हिंजवडीला जाता-येता मोबाइलवर अंगठा चालू असतो, तो वेगळाच. मॅडम नुसत्या हसल्या.

मग त्यांनी अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितलं. मी खुर्चीतून उडालोच! अंगठ्याकडे जाणारे दोन स्नायुबंध मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. तीच ती हालचाल दिवसभर झाली की तिथे घर्षण होतं, आवरण जाड होतं आणि दुखणं सुरू. या दुखण्याला डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जनचं नाव आहे. त्यांनी त्याचं वर्णन केलं १८९५ साली. म्हणजे माउस, मोबाइल काही नसतानाही माणसं हाताचे असे हाल करतच होती. त्याच्याही आधी, १७०० साली, रामाझिनी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी कामगारांच्या आजारांवर पुस्तक लिहिलं. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सतत बसून लेखणी चालवणाऱ्या कारकुनांच्या दुखण्यांचीही नोंद आहे. थोडक्यात काय, मंडळी, आपण त्याच कारकुनांचे वंशज. फक्त लेखणी जाऊन क्लिक आलंय.

मोबाइल झाला हेर

‘मी तर एकदम सरळ बसतो,’ मी ठासून सांगितलं. ‘असं सगळेच सांगतात,’ मॅडम म्हणाल्या. ‘दिवसभर काम करतानाचा व्हिडिओ काढून आणा. बाजूने.’

ऑफिसात कॅमेरा चालत नाही, म्हणून वर्क फ्रॉम होमचा दिवस निवडला. डायनिंग टेबलाच्या कडेला, पाण्याच्या बाटलीला टेकवून मोबाइल उभा केला आणि टाइमलॅप्स चालू. फ्रेममध्ये स्क्रीनवरचा मजकूर येणार नाही याची काळजी घेतली, नाहीतर मनगटाआधी नोकरीच जायची! नऊ तासांचं काम काही मिनिटांत पळतं. रात्री जेवताना लावलं आणि घास हातातच राहिला.

सकाळी दहाला मी होतो शाळेत इन्स्पेक्शन असल्यासारखा ताठ. साडेअकराला पाठीने खुर्ची सोडली. दुपारी तीनला माझी कोळंबी झाली होती. टेबल उंच, खुर्ची बुटकी, त्यामुळे खांदे कानांना भेटायला निघालेले. लॅपटॉप आणि माउस यांच्यामध्ये चहाचा मग, चष्म्याची केस आणि शेंगदाण्यांचा डबा. म्हणून माउस हातभर लांब, कोपर हवेत आणि मनगट टेबलाच्या धारेवर दाबलेलं. सगळ्यात लाज वाटली ती ब्रेकची. मी शपथेवर सांगितलं असतं की तासातासाला उठतो. व्हिडिओत मी जेवणापर्यंत दोनदा उठलो होतो. त्यातला एक कुरिअरवाल्यासाठी!

मॅडमनी त्यातले काही फोटो थांबवून दंडाचा, मनगटाचा, मानेचा कोन पाहिला आणि गुण दिले. या पद्धतीचं नाव रूला. इंग्लंडच्या नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी ती १९९३ मध्ये मांडली. गुण १ ते ७. एक-दोन म्हणजे ठीक, सात म्हणजे ताबडतोब बदला. मला पडले सहा. अप्रेझलमध्ये कधी एवढे पडले नव्हते! खास ऑफिसच्या टेबल-खुर्चीसाठी रोसा नावाची तपासणीही २०१२ पासून आहे. त्यात खुर्ची, स्क्रीन, फोन, माउस, कीबोर्ड असं सगळ्याचं मूल्यमापन होतं.

दर तीन मिनिटांनी भांडण

पुढचं औषध म्हणजे ब्रेकची आठवण देणारं सॉफ्टवेअर. विंडोज आणि लिनक्सवर चालणारं वर्करेव्ह फुकट मिळतं. ते नुसतं घड्याळ लावून बसत नाही, आपण कीबोर्ड आणि माउस खरंच किती वापरतो ते मोजतं. त्याची मूळ सेटिंग दर तीन मिनिटांनी तीस सेकंदांची उसंत, पाऊण तासाला दहा मिनिटांची विश्रांती आणि दिवसाला चार तासांची मर्यादा अशी आहे. चार तास! आमच्याकडे तेवढ्यात मेल वाचून होत नाहीत.

पहिल्या दिवशी मी त्याच्याशी अक्षरशः भांडलो. क्लायंट कॉलवर स्क्रीन शेअर करतोय आणि मध्येच हे म्हणतंय, ‘थांबा’! संध्याकाळपर्यंत ‘नंतर’ म्हणत तेच बटण इतकं दाबलं की अंगठा पुन्हा ठणकला. मग शहाणपण सुचलं. आकडे स्वतःला झेपतील असे बदलले. दहा मिनिटांनी वीस सेकंद, पाऊण तासाला पाच मिनिटं. कॉलच्या वेळी बंद. स्ट्रेचली नावाचं दुसरं फुकट सॉफ्टवेअर मॅकवरही चालतं. स्मार्ट वॉच असेल तर त्यातली उभं राहण्याची सूचना पुरते. काहीच नसेल तर मोबाइलचा अलार्म आहेच. कंपनीच्या लॅपटॉपवर काहीही टाकण्याआधी आयटीवाल्यांची परवानगी मात्र घ्या. आणि कंपनीनेच असं काही दिलं, तर किती क्लिक, किती ब्रेक हे आकडे कोण बघतं, एवढं बिनधास्त विचारा. मनगटासाठी घेतलेलं सॉफ्टवेअर हजेरी मास्तर होऊ नये.

आता खरं सांगायचं तर सॉफ्टवेअर म्हणजे जादूची कांडी नाही. ऑफिसमधल्यांच्या मान-हातांच्या दुखण्यांवरच्या प्रयोगांचा एक मोठा आढावा २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. जादा ब्रेकने त्रास कमी होतो असं दाखवणारा पुरावा आहे, पण तो कच्चा आहे, असंच त्यात म्हटलंय. मलाही फरक पडला तो पाच-सहा गोष्टी एकत्र केल्यावर.

त्यातली सर्वात स्वस्त गोष्ट म्हणजे जुने दिवाळी अंक. त्यांचा गठ्ठा लॅपटॉपखाली ठेवला, स्क्रीन डोळ्यांसमोर आली. लॅपटॉपची गोम अशी की स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेले, म्हणजे मान तरी वाकणार किंवा हात तरी वर जाणार. म्हणून वेगळा कीबोर्ड घेतला, तोही उजवीकडचे आकडे नसलेला. त्यामुळे माउस एकदम जवळ आला. पॉइंटरचा वेग वाढवला, त्यामुळे हात कमी फिरतो. लांबलचक मेल आता बोलून लिहितो. विंडोजमध्ये विंडोजची कळ आणि एच एकत्र दाबलं की ऐकायला तयार! जीबोर्डवर तर मराठी बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून आहे. सुरुवातीला आई विचारायची, ‘कुणाशी बोलतोयस?’ आता तीच भाजीची यादी बोलून पाठवते.

शेजारच्या खुर्चीतली गोष्ट

हे सगळं गंमत म्हणून संपलं असतं. पण माझ्या शेजारी बसणारी टीममेट एक दिवस हळूच म्हणाली, ‘मला तो व्हिडिओ दाखवशील?’ तिला रात्री हात बधिर होऊन जाग यायची. अंगठा, तर्जनी, मधलं बोट. वर्षभर ती कुणाला बोलली नव्हती. का? तर अप्रेझल जवळ आलंय, प्रोजेक्टमधून काढतील, नाजूक समजतील. हातातला कप पडायला लागला तेव्हा डॉक्टरकडे गेली. मनगटातल्या बोगद्यात नस दाबली गेली होती. तपासण्या झाल्या, रात्री घालायचा पट्टा झाला आणि शेवटी ऑपरेशन करावं लागलं. ते माउसमुळेच झालं का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगत नाहीत. या दुखण्याला मधुमेह, थायरॉइड अशी बरीच कारणं असतात. पण वर्षभर गप्प बसल्याने ते वाढलं, हे मात्र नक्की.

ती रजेवर असताना आम्ही चौघांनी मिळून कीबोर्ड आणि पाय टेकायच्या फळ्यांसाठी मेल टाकला. ‘रिक्वेस्ट रेझ करा,’ असं नेहमीचं उत्तर आलं. केली. सोबत तपासणीचे गुण जोडले. ‘हात दुखतो’ म्हटलं की लोक बाम सुचवतात, आकडा दिला की फाइल हलते! दीड महिन्याने सामान आलं. ती परत आली तेव्हा टेबलावर नवा कीबोर्ड होता. त्याकडे बघून म्हणाली, ‘आधीच बोलायला हवं होतं रे.’ यावर आम्ही काय बोलणार?

माझं म्हणाल तर त्या वर्षी विसर्जनाला मी लक्ष्मी रोडवर ढोल न घेता पथकाभोवतीची दोरी धरून उभा होतो. समोर दादाचा हात चालतोय आणि आपल्या हातात दोरी... डोळे पाण्याने भरले, ते गुलालामुळे असं मी सांगितलं. पुढच्या जुलैत मॅडमनी परवानगी दिली. अट एकच, सलग अर्धाच तास. तोवर गुण सहावरून तीनवर आले होते.

यंदाच्या पहिल्या सरावाला दादाने विचारलं, ‘काय रे, धरवतंय का?’ टिपरू घट्ट धरलं. ताशाने तर्री दिली. अर्ध्या तासाने मनगटावरचं घड्याळ थरथरलं. ‘विश्रांती घ्या.’ आयुष्यात पहिल्यांदा मी ‘नंतर’चं बटण दाबलं नाही.

आजच करून बघा

• मोबाइलच्या कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा आणि बसलेला असताना बाजूने फोटो काढून घ्या. कान साधारण खांद्याच्या रेषेत दिसायला हवा.

• स्क्रीन हातभर अंतरावर, तिची वरची कड डोळ्यांच्या पातळीला. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात. पाय टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.

• दर वीस मिनिटांनी, वीस फुटांवरच्या वस्तूकडे, वीस सेकंद बघा. खिडकीबाहेरचं झाड उत्तम, शेजारच्या टीमचा लीड नको.

• आठवड्यातून एकदा टाइमलॅप्स काढा. स्वतःच्या आठवणीवर विश्वास ठेवू नका.

• रात्री बोटं बधिर होणं, वस्तू हातातून पडणं, पकड कमी होणं, यातलं काही होत असेल तर कुठल्याही अॅपच्या नादी लागू नका. सरळ डॉक्टरांकडे जा. अप्रेझल पुढच्या वर्षीही येतंच!