नेत्यांच्या फोनची 'अधिकृत नोंद' कितपत खरी? ट्रम्प-झेलेन्स्की संभाषणातून काय दिसते?

२५ सप्टेंबर २०१९ रोजी व्हाइट हाउसने पाच पानांचा एक दस्तावेज प्रसिद्ध केला. अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प आणि युक्रेनचे अध्यक्ष वोलोदिमीर झेलेन्स्की यांच्यात २५ जुलैला फोनवर झालेल्या बोलण्याची ती नोंद होती. प्रतिस्पर्धी जो बायडेन यांची चौकशी करावी म्हणून ट्रम्प यांनी युक्रेनवर दबाव आणला, असा आरोप होता. त्या सुमारास युक्रेनची सुमारे ३९ कोटी डॉलरची लष्करी मदतही रोखून धरलेली होती. ट्रम्प म्हणाले, फोन 'परफेक्ट' होता आणि नोंद शब्दन् शब्द अचूक आहे. नोंदीतून बरेच काही गाळले आहे, असा संशय विरोधकांना होता. मग खरे काय? मुळात अशी नोंद तयार कशी होते?

फोन रेकॉर्ड होत नाही का?

ट्रम्प यांच्या या फोनचे अमेरिकेने ध्वनिमुद्रण केले नव्हते. ध्वनिफीत अध्यक्षाला किती महागात पडू शकते, हे रिचर्ड निक्सन यांच्या काळात दिसले होते. त्यांच्या कार्यालयातली गुप्त ध्वनिमुद्रण यंत्रणा जुलै १९७३ मध्ये उघड झाली आणि ऑगस्ट १९७४ मध्ये त्यांना राजीनामा द्यावा लागला. फीत असली म्हणजे सगळे स्पष्ट होते, असेही नाही. निक्सन यांच्या २० जून १९७२ च्या एका फितीतला साडेअठरा मिनिटांचा आवाज पुसलेला निघाला.

फीत नाही म्हणून नोंद माणसे करतात. व्हाइट हाउसच्या 'सिच्युएशन रूम'मधले अधिकारी फोन ऐकत मजकूर उतरवतात. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले त्या देशाचे जाणकार तो तपासतात, दुरुस्त्या सुचवतात. त्यानंतर वरिष्ठांच्या हातून तो अंतिम होतो.

नोंदीवरच काय लिहिले होते?

वादातला सगळ्यात कमी वाचला गेलेला भाग पहिल्याच पानाच्या तळाशी होता. हा शब्दशः उतारा नाही, ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांची टिपणे आणि आठवण यांवरून केलेली नोंद आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले होते. फोनची लाइन खराब असणे, बोलण्याची ढब आणि भाषांतर यांमुळे अचूकतेवर परिणाम होऊ शकतो, अशीही सूचना होती. म्हणजे 'शब्दन् शब्द' हा दावा खुद्द त्या कागदालाच मान्य नव्हता.

फोन ३० मिनिटे चालला आणि नोंद सुमारे २,००० शब्दांची आहे. मोठ्याने वाचली तर ती निम्म्या वेळात संपते. 'अर्धे संभाषण गायब' असे दावे यातूनच पसरले. पण मध्ये दुभाषा होता, म्हणजे बरेचसे बोलणे दोनदा झाले. त्यामुळे केवळ लांबीवरून काटछाट सिद्ध होत नाही. तीन ठिकाणी दिसणाऱ्या टिंबांवरही संशय घेतला गेला. बोलणे मध्येच थांबले किंवा रेंगाळले तिथे ती टिंबे आहेत, असे व्हाइट हाउसचे म्हणणे होते.

मग गाळले काय?

याचे ठोस उत्तर फोन ऐकणाऱ्यांच्या साक्षीतून मिळाले. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले युक्रेनविषयक अधिकारी लेफ्टनंट कर्नल अलेक्झांडर विंडमन यांनी चौकशी समितीला सांगितले, की त्यांच्या दोन दुरुस्त्या अंतिम नोंदीत आल्या नाहीत. एक, बायडेन यांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे असल्याचा ट्रम्प यांनी केलेला उल्लेख. दोन, झेलेन्स्की यांनी घेतलेले 'बुरिस्मा' हे नाव. बायडेन यांचे पुत्र याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते. नोंदीत तिथे 'तुम्ही उल्लेख केलेली कंपनी' एवढेच आहे. उपाध्यक्षांच्या सहायक जेनिफर विल्यम्स यांच्या टिपणातही 'बुरिस्मा' हे नाव होते.

पण याच विंडमन यांनी नोंद एकूण बरोबर असल्याचे सांगितले आणि गाळण्यामागे कोणाचा वाईट हेतू होता असे म्हटले नाही. त्यांचे वरिष्ठ टिम मॉरिसन यांनीही नोंद अचूक असल्याची साक्ष दिली. ही नोंद अतिगोपनीय माहितीच्या संगणकावर ठेवली गेली होती. मॉरिसन यांच्या मते ती कार्यालयीन चूक होती.

सार असे, की नोंद बनावट नव्हती, पण पूर्णही नव्हती. मदतीचा विषय निघताच ट्रम्प यांनी 'आमचे एक काम करा' म्हणणे आणि पुढे बायडेन यांचे नाव घेणे, हे दोन्ही तिच्यात होते. म्हणूनच डिसेंबर २०१९ मधल्या महाभियोगात तीच मोठा पुरावा ठरली. फेब्रुवारी २०२० मध्ये सिनेटने ट्रम्प यांना दोषमुक्त केले.

नोंद आणि प्रसिद्धिपत्रक एकच का?

नाही, आणि सर्वाधिक गल्लत इथेच होते. फोननंतर लगेच माध्यमांना दिले जाते ते प्रसिद्धिपत्रक. काय सांगायचे आणि काय नाही, हे सरकार ठरवते.

याच दोघांचा आधीचा फोन २१ एप्रिल २०१९ चा. भ्रष्टाचार संपवण्यासाठी युक्रेनसोबत काम करण्याची बांधिलकी ट्रम्प यांनी व्यक्त केली, असे तेव्हाच्या पत्रकात होते. नोव्हेंबरमध्ये त्या फोनची नोंद बाहेर आली तेव्हा तिच्यात भ्रष्टाचाराचा उल्लेखच नव्हता.

उलट, २५ जुलैच्या फोननंतर युक्रेनने काढलेल्या पत्रकात, दोन्ही देशांच्या संबंधांत अडसर ठरलेल्या भ्रष्टाचाराच्या प्रकरणांचा तपास पूर्ण करण्याविषयी ट्रम्प बोलल्याचे म्हटले होते. पुढच्या वादाचा धागा तिथे दिसत होता.

भारतात काय होते?

आपल्यापर्यंत सहसा पत्रक किंवा निवेदनच पोहोचते. मोदी यांनी काश्मीरप्रश्नी मध्यस्थी करायला सांगितले, असे ट्रम्प २२ जुलै २०१९ रोजी म्हणाले. दुसऱ्याच दिवशी परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी संसदेत ते नाकारले. जून २०२५ मध्ये मोदी-ट्रम्प यांच्या ३५ मिनिटांच्या फोननंतर परराष्ट्र सचिव विक्रम मिस्री यांनी निवेदन केले, की 'ऑपरेशन सिंदूर'च्या काळात मध्यस्थीची किंवा व्यापार कराराची चर्चा झाली नव्हती. ट्रम्प त्यानंतरही उलटच सांगत राहिले. दोन्ही वेळा लोकांसमोर परस्परविरोधी दावे होते, पडताळायला नोंद नव्हती. माहिती अधिकारात मागावी, तर परदेशांशी असलेल्या संबंधांना बाधा येईल अशी माहिती कलम ८(१)(अ) खाली नाकारता येते.

फॉरवर्ड करण्याआधी काय पाहावे?

• कागद कोणता आहे: ध्वनिमुद्रण, नोंद की प्रसिद्धिपत्रक? 'ट्रान्सक्रिप्ट' असे कोणी म्हटले म्हणून तो शब्दशः उतारा होत नाही.
• दुसऱ्या देशाने काय म्हटले? फरक दिसेल तिथेच प्रश्न विचारावा.
• फोन आणखी कोणी ऐकला आणि शपथेवर कोणी बोलले का?
• नोंदीत काय आहे आणि काय नाही, हे वेगळे ठेवावे. जे लिहिले आहे ते सहसा बोलले गेलेले असते. जे लिहिलेले नाही ते बोललेच गेले नाही, असे मात्र त्यावरून म्हणता येत नाही.