व्हिसाच्या अर्जात चूक : हात एजंटचा, सही आपली

समजा, भिवंडीतील एक कापड व्यापारी टोरांटोच्या खरेदीदाराला भेटायला निघाला आहे. नमुने तयार आहेत, आमंत्रणपत्र आले आहे, बँकेचे उतारे आणि आयकराची विवरणपत्रे जोडली आहेत. अर्ज ओळखीच्या एजंटने भरून दिला. बोटांचे ठसेही देऊन झाले. मग एका रात्री अर्जाची प्रत चाळताना त्याची नजर एका प्रश्नावर थांबते. यापूर्वी कॅनडा किंवा अन्य कोणत्याही देशाने आपल्याला व्हिसा नाकारला आहे काय? पुढे उत्तर आहे 'नाही'. आणि २०१६ साली मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतून याच गृहस्थाला हाती एक छापील कागद देऊन परत पाठवले होते.

एजंट म्हणतो, "शेठ, पासपोर्टवर शिक्का कुठे आहे? तो अमेरिकेचा मामला, कॅनडाला काय कळणार?"

कळते. कॅनडा, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे पाच देश व्हिसा अर्जदारांच्या बोटांचे ठसे आपसांत पडताळून पाहतात. टोरांटोसाठी दिलेला ठसा अमेरिकेच्या जुन्या अर्जाशी जुळला की नकाराची नोंद समोर येते. शिक्का नाही म्हणजे नकार नाही, हा समज आपल्याकडे फार पसरलेला आहे. पण वकिलातीने तोंडी सांगून किंवा कागद देऊन परत पाठवले तरी तो नकारच होय.

कॅनडाच्या २००१ च्या इमिग्रेशन कायद्यातील कलम १६ अर्जदाराला खरी उत्तरे देण्यास बांधून घालते. कलम ४० त्याहून कडक आहे. महत्त्वाची बाब चुकीची सांगितली किंवा दडवली आणि त्यामुळे अधिकाऱ्याचा निर्णय चुकू शकला असता, तर अर्जदाराला ५ वर्षे कॅनडाचे दार बंद होते. २०१४ पूर्वी ही मुदत २ वर्षांची होती. याच कलमात 'प्रत्यक्ष अथवा अप्रत्यक्ष' असे शब्द आहेत, आणि एजंटने लिहिलेले उत्तर त्यातच येते. 'मी फॉर्म वाचलाच नाही' या सबबीला तिथली न्यायालये सहसा दाद देत नाहीत, कारण अर्जातील माहिती खरी आहे असे लिहून देणारे आपणच असतो.

प्रामाणिक चुकीला माफी आहे, पण तिची वाट अरुंद आहे. १९९० साली तिथल्या फेडरल अपील न्यायालयाने मेडेल खटल्यात ती मान्य केली. फिलिपीन्सच्या एका बाईचा व्हिसा नवऱ्याने तिच्या नकळत मागे घ्यायला लावला होता. वकिलातीने तिला कळवले ते एवढेच की व्हिसात चूक आहे, तो परत पाठवा. इंग्रजी जाणणाऱ्या नातेवाइकांकडून तिने तो तपासून घेतला, चूक दिसली नाही, म्हणून ती तोच घेऊन गेली. आपण काही दडवत आहोत याची तिला खरोखर आणि रास्तपणे कल्पना नव्हती, असे न्यायालयाने मानले. आपल्या व्यापाऱ्याची गोष्ट निराळी आहे. अमेरिकेच्या खिडकीवर तो स्वतःच उभा होता.

मग त्याने काय करावे? निर्णय लागण्यापूर्वी आणि खात्याने विचारण्यापूर्वी स्वतः कळवावे. कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर यासाठी 'वेब फॉर्म' आहे. त्यात अर्ज क्रमांक, जन्मतारीख आणि पासपोर्टप्रमाणे नाव देऊन थोडक्यात लिहावे : अमुक प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे गेले आहे, ते चुकीचे आहे, खरे उत्तर 'होय', २०१६ साली मुंबईत अमेरिकेचा व्हिसा नाकारला गेला, चूक अशी झाली आणि अमुक तारखेला लक्षात आली. सोबत दुरुस्त केलेला फॉर्म आणि तो जुना कागद असल्यास त्याची प्रत जोडावी. एजंटला दिलेली माहितीची चिठ्ठी, पावती, मोबाइलवरील निरोप, जे असेल ते जपून ठेवावे. रडगाणे नको आणि एजंटवर शिव्यांचा भडिमारही नको. आपणहून केलेल्या दुरुस्तीने कलम ४० टळेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. पण पकडले गेल्यावर दिलेला खुलासा आणि त्याआधी दिलेला खुलासा यांचे वजन एक नसते.

एक युक्ती बाजारात फार चालते : जुना अर्ज गुपचूप मागे घ्यायचा आणि बरोबर उत्तराचा नवा भरायचा. ही करू नये. जुना अर्ज खात्याच्या नोंदीत राहतोच, आणि दोन अर्जांत दोन उत्तरे पाहून अधिकाऱ्याचा संशय पक्का होतो.

प्रत्येक चूक इतकी गंभीर नसते. घर क्रमांक चुकला, स्पेलिंगमध्ये एखादे अक्षर इकडचे तिकडे झाले, तर साधी दुरुस्ती पुरते. आपल्याकडे कित्येकांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा असतो आणि सगळे नाव एकाच ओळीत असते. कॅनडाच्या फॉर्मवर असे नाव आडनावाच्या रकान्यात लिहायचे असते. मात्र जुने नकार, गुन्ह्याची नोंद, नोकरीधंद्याचा इतिहास, बायकामुलांची माहिती यांतली चूक किरकोळ समजू नये.

वकील कधी गाठावा? खात्याकडून 'प्रोसिजरल फेअरनेस लेटर' आले की त्याच दिवशी. आम्हाला तुमच्यावर अमुक संशय आहे, बाजू मांडा, असा या पत्राचा आशय असतो. उत्तराची मुदत त्यातच लिहिलेली असते. कागद जमवायला वेळ हवा असेल तर मुदत संपण्यापूर्वी लेखी वाढवून मागावी. या उत्तरात कसूर झाली तर पुढे भरून काढणे कठीण. निर्णयाविरुद्ध कॅनडाच्या फेडरल कोर्टात जाता येते, पण न्यायाधीश सहसा अधिकाऱ्यापुढे जे कागद होते तेवढेच पाहतात. मागे राहिलेले शपथपत्र तिथे कामाला येत नाही. जिंकलो तरी कोर्ट व्हिसा देत नाही, प्रकरण दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फेरविचाराला पाठवते.

वकील निवडताना नुसती पाटी पाहू नये. तिथल्या कायद्याप्रमाणे फी घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडाच्या प्रांतांतील वकीलमंडळांच्या सदस्यांना, क्वेबेकच्या नोटरींना आणि परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारांना आहे. सल्लागारांचे परवाने २०२१ पासून 'कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्स' ही संस्था देते. तिची आणि वकीलमंडळांची यादी कोणालाही संगणकावर फुकट पाहता येते. नाव आणि परवाना क्रमांक जुळवून मगच पैसे मोजावेत. सल्लागाराला फेडरल कोर्टात उभे राहता येत नाही, तिथे वकीलच लागतो. जो फी घेतो पण प्रतिनिधी म्हणून फॉर्मवर स्वतःचे नाव घालत नाही आणि खात्याचा पासवर्डही आपल्याला देत नाही, त्याच्याकडून आधी पासवर्ड मागून घ्यावा आणि अर्जाची पूर्ण प्रत उतरवून घ्यावी. दुरुस्ती कशाची करायची हे त्याशिवाय कळणारच नाही.

कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयाविरुद्ध फेडरल कोर्टात जाण्याची मुदत निर्णय कळल्यापासून ६० दिवसांची आहे; कॅनडात असताना घेतलेल्या निर्णयासाठी ती अवघी १५ दिवसांची. नकाराचे पत्र ई-मेलने येते आणि ते बहुधा एजंटच्याच पत्त्यावर येते. अर्जात पत्ता आपला घालावा.