‘मी तुमच्यातलाच!’... हो का, भाऊ?

सीन तुमच्या ओळखीचा आहे. पांढरी एसयूव्ही धूळ उडवत गावात शिरते. आतून कडक इस्त्रीचा कुर्ता उतरतो आणि पाचव्या मिनिटाला तोच कुर्ता कुणाच्या तरी ओसरीवर मांडी घालून भाकर मोडत असतो. समोर मोबाईल तयार. कांदा मुठीनंच फोडायचा, सुरी मागायची नाही, हा तर आता नियमच! मग माइकवर ते फेमस वाक्य: ‘मी तुमच्यातलाच आहे.’ आपण ऑफिसातून घरी येऊन ते रील बघतो, जरा हसतो आणि अंगठ्यानं वर ढकलतो.

पण ती भाकर ज्याच्या घरची, त्याचं काय? त्याला खरंच हवा असतो का ‘आपल्यासारखा’ उमेदवार? हा किडा डोक्यात घेऊन कोरपन्याकडे बघू या. चंद्रपूर जिल्ह्याचं हे तेलंगणाला चिकटलेलं टोक. एकीकडे आवारपूर, उपरवाही, गडचांदूर, नारंडा इथले सिमेंटचे कारखाने, दुसरीकडे कापूस आणि सोयाबीन. विधानसभेला हा तालुका राजुरा मतदारसंघात येतो. शेजारी राजुरा, जिवती आणि गोंडपिपरी.

कागद खोटं बोलत नाही (बहुतेक!)

आधी आकडे. २ मे २००२ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की उमेदवारानं आपली मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्हे मतदारांसमोर मांडलेच पाहिजेत. संसदेनं कायदा बदलून त्यातून पळवाट काढली, तीही कोर्टानं १३ मार्च २००३ ला बंद केली. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार अर्जासोबत प्रतिज्ञापत्र जोडतो. घर, गाडी, बायकोचे दागिने, सगळं त्यात. निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. लंच ब्रेकमध्ये आपापल्या आमदाराचं उघडून बघा, सॉलिड टाइमपास आहे! व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ हा शब्द किती जणांनी लिहिलाय, तेवढं मोजा.

२०२४ च्या विधानसभेनंतर ‘असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स’नं महाराष्ट्रातल्या २८६ आमदारांची प्रतिज्ञापत्रं चाळली. त्यात २७७ कोट्यधीश निघाले. सरासरी मालमत्ता ४३ कोटींच्या वर. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ही सरासरी थोडी फसवी आहे. घाटकोपर पूर्वचे पराग शाह एकटेच सुमारे ३,३८३ कोटींचे, त्यांच्या एकट्याच्या जिवावर सरासरी जवळपास १२ कोटींनी फुगते. आणि कोट्यधीश म्हणजे महालात राहणारा, असंही नाही. हायवेलगत वडिलोपार्जित चार एकर असली किंवा पुण्यात बऱ्यापैकी फ्लॅट असला तरी माणूस कागदावर कोटीत जातो. तुमच्या टीम लीडरचं प्रतिज्ञापत्र काढलं तर कदाचित तोही निघेल.

उलट टोकही आहे. डहाणूचे माकपचे विनोद निकोले पूर्वी वडापाव विकायचे. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलेली मालमत्ता होती सुमारे ५१ हजार रुपये. २०२४ मध्ये ते परत निवडून आले. म्हणजे होऊ शकतं. पण २८६ मध्ये असे किती?

का नाहीत, ते कोरपन्याच्या भाषेत समजून घेऊ. विधानसभेचं डिपॉझिट १०,००० रुपये. एकूण मतांच्या एक षष्ठांश मतं नाही पडली की गेलं! २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ७,५२१ रुपये. म्हणजे डिपॉझिट झालं साधारण सव्वा क्विंटल. इथवर ठीक. पण प्रचाराच्या अधिकृत खर्चाची मर्यादा आहे ४० लाख. ४० लाख म्हणजे सुमारे ५३२ क्विंटल कापूस. कोरडवाहू शेतात एकरी पाच क्विंटल धरलं (तेही बऱ्या वर्षी) तर शंभरहून जास्त एकरांचं अख्खं पीक, तेसुद्धा बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा एक रुपयाही वजा न करता. आणि ही झाली फक्त कागदावरची मर्यादा. त्यात विधानसभेचं मतदान होतं २० नोव्हेंबर २०२४ ला, ऐन वेचणीत. ज्याच्या घरात कापूस यायचाय तो प्रचाराला जाणार कधी?

कलावतीची गोष्ट

कोरपन्याहून पैनगंगा ओलांडली की वणी तालुका लागतो. त्याला लागून मारेगाव आणि मारेगावात जळका. जिल्हा यवतमाळ, पण आज लोकसभेला हा भाग चंद्रपुरातच येतो. २००८ मध्ये राहुल गांधी इथे कलावती बांदूरकर यांच्या घरी गेले. नवऱ्यानं २००५ मध्ये आत्महत्या केलेली, मागे मुलांचा मोठा संसार. २२ जुलै २००८ ला अणुकराराच्या चर्चेत राहुल यांनी लोकसभेत कलावतींचं नाव घेतलं आणि रातोरात देशाला ‘सामान्य माणूस’ या शब्दाचा चेहरा मिळाला. मदत आली, कॅमेरे आले, ओबी व्हॅन आल्या.

पुढचा भाग मात्र कमी जणांना आठवतो. २००९ च्या विधानसभेला कलावती वणीतून स्वतः लढणार, अशी घोषणा झाली. ज्या मतदाराची उदाहरणं दिली जात होती, तोच उमेदवार! मतदानापर्यंत गोष्ट पोचलीच नाही, त्यांनी माघार घेतली. नंतर ९ ऑगस्ट २०२३ ला अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी पुन्हा त्यांचं नाव काढलं आणि घर, वीज, गॅस मोदी सरकारनं दिला असं सांगितलं. कलावतींनी ते खोडून काढलं, मदत राहुल यांच्याकडून मिळाली म्हणाल्या. पंधरा वर्षांत एका बाईचं नाव सभागृहात दोन्ही बाजूंनी गाजलं, पण तिथल्या खुर्चीपर्यंत कलावती काही पोचल्या नाहीत. मला यातलं सगळ्यात टोचतं ते हेच.

राजे आणि जीन्सवाले

गंमत म्हणजे हे ‘तुमच्यातलाच’ प्रकरण या भागात तसं नवंच आहे. १९७७ मध्ये चंद्रपूरनं लोकसभेत पाठवलं ते अहेरीच्या राजे विश्वेश्वरराव आत्राम यांना. राजे म्हणजे राजे! आपण साधे आहोत असं दाखवायची गरजच नव्हती. अहेरीत आजही तसंच. २०२४ ला धर्मरावबाबा आत्राम, त्यांची मुलगी भाग्यश्री आणि पुतणे अम्ब्रिशराव, तिघंही एकमेकांविरुद्ध उभे. जिंकले बाबा. तिथे कुणी कांदा फोडून दाखवला तरी लोक ‘राजे’च म्हणणार.

आणि एक नाव, जे आपल्या पिढीनं फक्त ऐकलंय: शरद जोशी. स्वित्झर्लंडमध्ये, बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून हा माणूस पुण्याजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करायला आला आणि १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी केली. जीन्स घालायचा, छातीवर लाल बिल्ला. धोतर नेसून ‘मी शेतकऱ्याचा मुलगा’ म्हणायच्या भानगडीत पडला नाही, कारण तो नव्हताच. त्यानं काय केलं, तर पिकाचा खर्च आणि मिळणारा भाव यांचा हिशेब लोकांसमोर फळ्यावर मांडावा तसा मांडला. विदर्भातला कापूसवाला त्याच्यामागे गेला. राजुऱ्यानं याच संघटनेचे वकील वामनराव चटप यांना तीनदा आमदार केलं, २००४ मध्ये तर जोशींच्याच स्वतंत्र भारत पक्षाकडून.

म्हणजे कोरपन्याचा मतदार तेव्हा ताट बघत नव्हता, हिशेब बघत होता. श्रीमंती त्याला खुपतेच असंही नाही. रात्री-अपरात्री पेशंटला चंद्रपूरला न्यायचं तर गाडी लागते आणि ती भाऊंच्या दारात असते. गाडीवाला भाऊ चालतो. फक्त त्यानं सोयाबीन हमीभावाखाली का जातंय, हे विचारल्यावर भाकरीचं कौतुक सुरू करू नये.

ओसरीवरचं ते रील मग कुणासाठी? ओसरीवाल्यासाठी तर नक्कीच नाही, त्याला भाकर रोजचीच. ते आपल्यासाठी आहे. सोफ्यावरच्या आपल्यासाठी.

कोरपन्याला लागून जिवती तालुक्यात १४ गावं अशी आहेत की त्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघांचाही दावा आहे. कित्येकांची नावं दोन्ही मतदारयाद्यांत. २०२४ च्या लोकसभेला चंद्रपूरचं मतदान झालं १९ एप्रिलला, आदिलाबादचं १३ मे ला. दोन राज्यांचे उमेदवार, एकाचं भाषण मराठीत, दुसऱ्याचं तेलुगूत, आणि दोघंही ‘तुमचेच’. गावांची जुनी मागणी मात्र दोघांकडेही एकच आहे: कसतो त्या जमिनीचा पट्टा नावावर करून द्या.