दोरीची जाळी आणि देखभालीचे दान

मुलांच्या बागेत घसरगुंडी, झोपाळा आणि सी-सॉ ही साधने पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून आहेत. अलीकडे काही उद्यानांत व मोठ्या वसाहतींत त्यांच्या जोडीला एक नवे साधन दिसू लागले आहे. मध्यभागी उंच खांब आणि त्याच्या माथ्यापासून चहूबाजूंनी जमिनीपर्यंत ताणलेली दोरांची जाळी, असे त्याचे स्वरूप असते. वर चढण्याचा ठरलेला मार्ग तेथे नसतो. पुढचा पाय कोठे ठेवावा, हे प्रत्येक मुलाला स्वतःच ठरवावे लागते आणि तेच या खेळाचे खरे शिक्षण होय.

या जाळीच्या जनकत्वाचा मान जर्मन वास्तुविशारद कॉनराड रोलँड यांच्याकडे जातो. शिकागो येथे मीस व्हॅन डेर रोह यांच्या हाताखाली शिकलेल्या रोलँड यांनी १९६५ मध्ये फ्राय ओटो यांच्या ताणलेल्या, वजनाने हलक्या रचनांवर ग्रंथ लिहिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या मैदानावर तंबूसारखे जे भव्य छत उभे राहिले, त्याच्या रचनेत याच ओटो यांचा मोठा वाटा होता. अशा छतांमागील तत्त्व रोलँड यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी बर्लिनमध्ये मुलांच्या खेळासाठी वापरले.

तत्त्व सोपे आहे. दोर केवळ ओढ सहन करतो. दाब पडताच तो सैल होतो. म्हणून मधला खांब दाब झेलतो आणि सर्व दोर ताण झेलतात. एखाद्या मुलाने जाळीवर पाय ठेवला की त्याचे वजन सांध्यासांध्यांतून शेजारच्या दोरांत वाटले जाते. पलीकडच्या बाजूच्या मुलालाही तो हेलकावा जाणवतो आणि त्यालाही आपला तोल सावरावा लागतो.

दोरीवर चढणे महाराष्ट्राला मुळीच नवे नाही. दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले. पुढे दोरीच्या मल्लखांबाने असंख्य मुलींना बळ आणि चापल्य दिले. मात्र मल्लखांबाच्या दोरीखाली शिकवणारा गुरू उभा असतो. बागेतील जाळीजवळ असा कोणी नसतो. त्यामुळे गुरूची दक्षता तेथे साधनाच्या रचनेतच असावी लागते.

ही दक्षता दोरापासूनच सुरू होते. चांगल्या जाळीचा दोर बहुधा सहा पदरांचा असतो. प्रत्येक पदरात जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारा असतात आणि त्यांवर नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे धागे घट्ट चढवलेले असतात. बाजारातील साधा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त पडतो खरा. पण सततच्या उन्हाने तो ठिसूळ होतो.

दुसरी बाब फटींची. युरोपातील ईएन ११७६ या मानकानुसार ८९ ते २३० मिलिमीटरच्या दरम्यानची बंदिस्त फट धोक्याची मानली जाते. कारण तीतून मुलाचे शरीर पलीकडे जाते आणि डोके अडकते. फट एक तर त्याहून लहान हवी किंवा त्याहून मोठी. याच कारणास्तव ओढणी, गळ्यातील ओळखपत्राची नाडी आणि सायकलचे हेल्मेट काढून ठेवूनच मुलाने जाळीवर चढावे.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित बाब म्हणजे जाळीखालची जमीन. या मानकानुसार पडण्याची उंची तीन मीटरहून अधिक असू नये. एवढ्या उंचीसाठी किमान ३० सेंटिमीटर वाळूचा थर लागतो आणि खेळताना वाळू विखुरते म्हणून आणखी १० सेंटिमीटर धरावे लागतात. पेव्हर ब्लॉक किंवा शहाबादी फरशी तेथे मुळीच नको. हिरवळही पुरेशी नाही; आपल्या उन्हाळ्यात ती वाळते आणि खालची माती दगडासारखी कठीण होते. रबराच्या लाद्या घालायच्या असतील, तर पडण्याची उंची पाहूनच त्यांची जाडी ठरवावी.

पालकांसाठीही एक नियम आहे. मुलाला उचलून जाळीवर बसवू नये. जे मूल स्वतःच्या हातापायांनी वर जाते, त्याला सहसा परतीची वाटही कळते. उचलून ठेवलेले मूल मात्र वर गेल्यावर अडकून पडते.

जाळी उभारली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. पहिल्या काही आठवड्यांच्या वापराने दोर बसतात, ताण उतरतो आणि तो पुन्हा द्यावा लागतो. त्यानंतर नेहमीची नजरपाहणी, एक ते तीन महिन्यांनी बारकाईची तपासणी आणि वर्षातून एकदा तज्ज्ञाकडून संपूर्ण परीक्षण, अशी त्रिस्तरीय व्यवस्था अपेक्षित असते. धागे झिजून आतील तार उघडी पडली असेल, तर तो भाग त्वरित बदलावा. अन्यथा तीच तार मुलांचे हात कापते. पावसाळा संपल्यावर खांबाचा पाया आणि जमिनीतील सांधे गंजले आहेत काय, हे आवर्जून पाहावे.

येथे हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. समजा, जाळीला चार लाख रुपये खर्च आला आणि तिचे आयुष्य दहा वर्षे धरले, तर दरवर्षी चाळीस हजार रुपयांची झीज होते. हा घसारा केवळ वहीत लिहून भागत नाही. तेवढी रक्कम खरोखर बाजूला काढून मुदत ठेवीत ठेवावी लागते. तपासणी, वाळू आणि दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च त्याखेरीज. गृहनिर्माण संस्था इमारतीसाठी सिंकिंग फंड राखतात. मुलांच्या खेळसाधनांसाठी मात्र असा निधी क्वचितच आढळतो.

याचे कारण दानाच्या रीतीत आहे. नवे साधन उभारण्यासाठी दाते आनंदाने पुढे येतात. फलक लागतो, नारळ फुटतो, छायाचित्रे निघतात. पाचव्या वर्षी सैल झालेला दोर ताणण्यासाठी मात्र कोणी पावती फाडत नाही. वस्तुतः मूल ज्या दिवशी जाळीवर चढते, त्या दिवशीचा ताणच त्याला सांभाळतो. उद्‌घाटनाच्या दिवशीचा ताण त्याच्या उपयोगी पडत नाही.

म्हणून जाळीचा संकल्प करतानाच दानाचे दोन भाग करावेत. एका भागातून उभारणी व्हावी. दुसरा भाग कायम ठेवीत राहावा आणि त्याच्या व्याजातून देखभालीला हातभार लागावा. बागेतील फलकावर दात्याच्या नावाखाली आणखी एक ओळ असावी : शेवटच्या तपासणीची तारीख. आपल्या नातवंडांना हात धरून बागेत आणणाऱ्या आजी-आजोबांनी ती ओळ आधी वाचावी आणि तारीख जुनी दिसली, तर त्याच दिवशी समितीला विचारावे.