दहा मिनिटांचे रीळ आणि पायांचा ताल

चित्रपटगृहात मुख्य खेळ सुरू होण्यापूर्वी, प्रेक्षक आपापल्या जागा शोधून स्थिरस्थावर होत असताना, वार्तापट आणि व्यंगपट यांच्या जोडीने जी दहा-वीस मिनिटांची संगीतमय चित्रे अमेरिकेत १९२६ पासून पुढे सुमारे दोन दशके दाखविली जात, त्यांची गणना त्या धंद्यात कोणी कलाकृतींत करीत नसे. कार्यक्रमाची ठरलेली मुदत पुरी करण्यासाठी कमी खर्चात आणि घाईने तयार होणारा तो भरतीचा माल होता. आणि तरीही टॅप नावाच्या नृत्यप्रकाराचे जे वैभव आज आपल्याला डोळ्यांनी पाहता व कानांनी ऐकता येते, त्याचा फार मोठा हिस्सा या उपेक्षित रिळांनीच सांभाळलेला आहे, आणि माझ्या मते त्या काळच्या भव्य बोलपटांपेक्षा अधिक इमानाने सांभाळलेला आहे.

६ ऑगस्ट १९२६ रोजी वॉर्नर बंधूंनी न्यूयॉर्क येथे ‘डॉन जुआन’ या चित्रपटापूर्वी व्हिटाफोन यंत्रावर काही ध्वनियुक्त लघुपट दाखविले, तेथून ही परंपरा सुरू झाली. या यंत्रात ध्वनी फिल्मच्या पट्टीवर नसून सोळा इंची तबकडीवर असे. मिनिटाला ३३⅓ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवर सुई आतून बाहेर सरकत जाई, आणि एका तबकडीत एका रिळापुरता, म्हणजे अदमासे ११ मिनिटांचा, आवाज मावत असे. तबकडीच्या कागदी चकतीवर लहान लहान चौकोन छापलेले असत. प्रत्येक खेळानंतर यंत्रचालकाने एका चौकोनावर फुली मारावयाची आणि सगळे चौकोन संपले की ती तबकडी बाद करावयाची, असा शिरस्ता होता. फिल्म मध्येच तुटली, तर जितक्या चौकटी गमावल्या तितक्या कोऱ्या चौकटी जोडाव्या लागत, नाहीतर पाय एकीकडे आणि ठोका दुसरीकडे असा प्रकार होई. चित्रण चालू असतानाच मेणाच्या चकतीवर ध्वनी कोरला जात असल्यामुळे त्यात मागाहून काटछाट करण्याची मुभा कोणालाच नव्हती; नर्तकाने उभे राहावे, सुरुवातीपासून अखेरपर्यंत नाचावे आणि जे उमटेल ते उमटावे. व्हॉडव्हिलच्या, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या सुट्या कार्यक्रमांच्या खेळाच्या, रंगमंचावर दहा-बारा मिनिटांचा एकच कार्यक्रम घासूनपुसून वर्षानुवर्षे गावोगाव करणाऱ्या कलावंतांना ही अट मुळीच जाचक वाटण्याचे कारण नव्हते.

यांपैकी असंख्य लघुपटांचे चित्रण हॉलिवूडमध्ये झालेच नाही. ब्रुकलिनच्या फ्लॅटबुश भागात व्हिटाग्राफ कंपनीचा जो जुना कारखाना वॉर्नर बंधूंनी १९२५ मध्ये विकत घेतला होता, तेथे रॉय मॅक याच्यासारखे दिग्दर्शक ही रिळे तयार करीत. ब्रॉडवे आणि हार्लेम तेथून जवळ असल्यामुळे रात्री रंगमंचावर उभा राहणारा नर्तक दिवसा कॅमेऱ्यापुढेही उभा राहू शकत असे.

टॅप नृत्याचा पूर्वेतिहास दुःखाने भरलेला आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांची लयदृष्टी आणि आयर्लंडचे जिग व इंग्लंडचे लाकडी पादत्राणांचे नाच यांचा संयोग त्यात झाला. १७३९ च्या स्टोनो येथील उठावानंतर दक्षिण कॅरोलिनाच्या कायद्याने गुलामांना ढोल वाजविण्याची बंदी केली, तेव्हा हातांचा ताल पायांकडे वळण्यास आणखी एक कारण मिळाले. पुढे विल्यम हेन्री लेन या नर्तकाने १८४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये कीर्ती मिळविली. विसाव्या शतकात बिल रॉबिन्सन हा लाकडी तळव्यांच्या बुटांत पायाच्या चवड्यांवर नाचत असे, त्यामुळे त्याचा प्रत्येक ठोका स्वच्छ आणि सुटा ऐकू येई. १९३४ च्या ‘किंग फॉर अ डे’ या लघुपटात त्याचे काम आहे. त्याच्यानंतरच्या जॉन बबल्स याने टाच जमिनीवर सोडण्यास आरंभ केला, आणि तबल्यासोबत डग्गा वाजू लागावा तसा या नृत्यास खर्जाचा नाद लाभला.

१९२९ चा ‘ब्लॅक अँड टॅन’ हा ड्यूक एलिंग्टन याच्या वाद्यवृंदाचा लघुपट घ्या. फाइव्ह हॉट शॉट्स या नावाचे पाच नर्तक एकामागे एक इतके खेटून उभे राहतात की पाच देहांचा एकच देह भासावा. पायांखालची फरशी आरशासारखी चकचकीत असल्यामुळे प्रत्येक पावलास खालून दुसरे पाऊल भेटते. हृदयविकाराने ग्रासलेली नायिका, म्हणजे फ्रेडी वॉशिंग्टन, बाजूला उभी राहून हा नाच पाहत असते आणि तिला घेरी येऊ लागताच पडद्यावर त्या पाचांची अनेक प्रतिबिंबे फिरू लागतात. दिग्दर्शक डडली मर्फी याने कॅमेऱ्याची करामत केली आहे खरी, परंतु ती नाचाच्या अंगावर बसत नाही.

‘प्रभात’चा ‘अयोध्येचा राजा’ ज्या वर्षी आपल्याकडे झळकला, त्याच १९३२ साली ब्रुकलिनच्या कारखान्यातून ‘पाय, पाय ब्लॅकबर्ड’ बाहेर पडला. स्वयंपाकघरात नीना मे मॅकिनी दोन मुलांशी बोलते आहे. भाजलेल्या पिठाच्या एका प्रचंड कवचातून यूबी ब्लेक आणि त्याचे वादक प्रकट होतात. आणि मग ती दोन मुले नाचू लागतात. ही दोन मुले म्हणजे सतरा-अठरा वर्षांचा फेयार्ड निकोलस आणि अकरा वर्षांचा हॅरोल्ड. पाहणाऱ्याने पायांइतकेच फेयार्डच्या हातांकडे पाहावे. पुष्कळ टॅप नर्तकांचे हात केवळ तोल सांभाळण्यापुरते असतात. याचे हात मात्र पायांनी टाकलेला प्रश्न हवेत पुरा करतात, आणि धाकटा भाऊ तेच वळण आपल्या चिमुकल्या देहात उचलून धरतो. अखेरीस नाचाची ऊब इतकी वाढते की आग लागते आणि वादकांसह सर्वांचे सांगाडे होतात. तरी सांगाड्यांचे पाय थांबत नाहीत.

या चित्रांची दुसरी बाजू झाकून ठेवणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. १९३३ च्या ‘रूफस जोन्स फॉर प्रेसिडेंट’मध्ये सात वर्षांचा सॅमी डेव्हिस धाकटा असा नाचतो की डोळे भरून यावेत, पण त्याच्याभोवती रचलेली कथा कृष्णवर्णीयांविषयीच्या हीन समजुतींनी माखलेली आहे. मोठ्या बोलपटांत तर याहून कठोर व्यवहार चाले : कृष्णवर्णीय कलावंताचा प्रवेश कथेपासून सुटा ठेवावयाचा, म्हणजे दक्षिणेकडील राज्यांत तो बिनदिक्कत कापून टाकता येई. लघुपटात निदान ती दहा मिनिटे सर्वस्वी त्याचीच असत. बिदागी थोडी, मान त्याहून थोडा, पण जागा पुरी.

लघुपटांच्या काटकसरीचा एक लाभही झाला. फ्रेड अस्टेअरसारख्या मातब्बर नर्तकाला आपला संपूर्ण देह चौकटीत राहावा आणि चित्रण शक्य तितके सलग असावे, यासाठी हॉलिवूडमध्ये आग्रह धरावा लागला. शिवाय मोठ्या चित्रपटांत पायांचे ठोके मागाहून वेगळे ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत होती, इतकी की अस्टेअरची जोडीदार जिंजर रॉजर्स हिच्या पायांचे ठोके नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅन याने दिलेले आहेत. ब्रुकलिनच्या कारखान्यात अशा चैनीला वेळ आणि पैसा कमी होता, म्हणून कॅमेरा पुष्कळदा समोर स्वस्थ उभा राही, आणि रंगमंचाच्या प्रेक्षकाला जे दिसे ते बरेचसे जसेच्या तसे पडद्यावर येई. १९३२ मध्ये न्यूयॉर्कचे पॅलेस थिएटर, व्हॉडव्हिलचे ते मुख्य पीठ, चित्रपटांच्या ताब्यात गेले. कलावंतांची रंगमंचावरील उपजीविका आटत गेली, आणि त्यांचे अनेक कार्यक्रम या रिळांतच काय ते शिल्लक राहिले.

तेही सगळे सुखरूप राहिले नाहीत. फिल्म एकीकडे आणि तबकडी दुसरीकडे अशी फारकत होऊन कित्येक चित्रे मुकी झाली. १९९१ मध्ये काही संग्राहकांनी व्हिटाफोन प्रोजेक्ट हा उपक्रम सुरू केला. खासगी संग्रहांत पडून राहिलेल्या तबकड्या हुडकून काढाव्यात, त्यांची नोंद करावी आणि अभिलेखागारांतील मूक फिल्मशी त्यांची पुन्हा जोडणी व्हावी, असे हे काम असून त्याच्या योगाने अनेक लघुपटांना वाचा फुटली आहे. निकोलस बंधूंना केनेडी सेंटरचा राष्ट्रीय सन्मान मिळाला तेही त्याच वर्षी.

हे काम नुसते स्मृतिसंवर्धनाचे नाही, कारण हा हुन्नर मुख्यतः पाहूनच शिकण्याचा आहे. हार्लेममध्ये लाफाएट थिएटरच्या शेजारी हूफर्स क्लब म्हणून एक लहानशी खोली होती. तेथे नर्तक एकमेकांसमोर पावले टाकीत आणि पाहिलेले पाऊल उचलीत, मात्र ते हुबेहूब उचलू नये असा तेथील दंडक होता. फेयार्ड निकोलसलाही कोणी गुरू नव्हता. त्याचे आईवडील फिलाडेल्फियाच्या स्टँडर्ड थिएटरमध्ये वाद्यवृंद चालवीत, तो पोरवयात तेथे बसून एकामागून एक कार्यक्रम पाही, घरी येऊन ती पावले आपल्या पद्धतीने टाकी, आणि मग धाकट्या भावाला शिकवी. स्टँडर्ड थिएटर आता राहिले नाही, हूफर्स क्लबही नाही. ज्याला आज तसे समोर बसून शिकावयाचे आहे, त्याने या रिळांपुढे बसावे.